काकवीनं चिकटलेली दोन पानं

मित्रांनो, दुकानात मांडलेली कोरी करकरीत पुस्तकं तुम्ही पाहता. पुस्तक होण्याआधी ते कसं दिसत असेल, असा प्रश्न कधी पडला आहे का? मग माझ्याकडे पाहा. मी हातानं लिहिलेल्या कागदांचा एक जुना गठ्ठा आहे, लाल फडक्यात बांधलेला. लिहिणारी माणसं मला बाड म्हणतात. स्वभावानं मी पहिल्यापासून भोचक. कोण आलं, काय म्हणालं, मला कुणी उघडणार का, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या कोडोली गावचा. मला लिहिणारी पूर्णिमा तिथल्या दूध संस्थेत कामाला आहे. सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध येतं, ती त्याची फॅट तपासते आणि आकडे लिहिते. मधली दुपार तिची स्वतःची. त्या दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तिनं मला लिहिलं. तीन वर्षं लागली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, पण पानांवर क्रमांक घातले नाहीत. "दिवसभर आकडंच लिवती की मी. घरात तरी नकोत," असं तिचं म्हणणं.

माझ्यात राजनंदिनी नावाच्या मुलीची गोष्ट आहे. ती स्वतःच्या साखरपुड्याच्या पंगतीत भरल्या ताटावरून उठते आणि घर सोडते. पूर्णिमा लिहिलेलं सासूला वाचून दाखवायची. सासूबाई तानाबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण तांदूळ निवडता निवडता त्यांचा कान माझ्याकडे असायचा. "मग फुडं?" असं त्या विचारायच्या, तेव्हा माझी पानं आनंदानं फुलायची.

पूर्णिमाला एकच ध्यास होता. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसानं आपली कादंबरी वाचावी आणि छापण्याजोगी आहे म्हणावं. तिनं मला पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. मोठ्या उमेदीनं गेलो मी! सात महिने एका कपाटावर पडून राहिलो. माझी गाठसुद्धा कुणी सोडली नाही. परत आलो तो नकाराची छापील चिठ्ठी घेऊन. पोस्टमन दिसला की धावत सुटणारी पूर्णिमा त्या दिवशी जेवली नाही.

"वाचलं आसंल का हो आत्ती त्यांनी?" तिनं सासूला विचारलं.

"त्येला इलाज हाय," तानाबाई म्हणाल्या.

लाडवांचा डबा कोण उघडतं हे ओळखायला त्या झाकणाला काकवीचं बोट लावून ठेवत. काकवी म्हणजे पातळ गूळ. झाकण सुटलेलं दिसलं की चोरी उघड! तीच युक्ती माझ्यावर झाली: पानं सुटून आली, तर कुणीतरी वाचलं. पूर्णिमानं हसत हसत होकार दिला आणि ती कामाला गेली. "थेंबभरच लावा," एवढं बजावून गेली. पण तानाबाईंचा हात सढळ. त्यांनी माझ्या अंगातली कुठलीशी दोन पानं चांगली काठोकाठ चिकटवली. कुठली, ते त्यांना कुठून कळणार?

या खेपेला मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गेलो. मल्लाप्पाअण्णा हे तिथले म्हातारे प्रकाशक. त्यांना पडद्यावर वाचवत नाही, डोळ्यांपुढं कागदच लागतो. सकाळी पूजा आटोपली की भिंग घेऊन ते मला वाचायला बसत. काय सांगू तुम्हाला! हसायच्या जागी ते हसले. एका जागी चष्मा काढून डोळे पुसले. मला कुणी असं वाचलंच नव्हतं. अंगठा जिभेला लावून ते पान उलटत. पंगतीच्या प्रसंगाशी आले आणि चिकटलेली पानं एकाच जाड कागदासारखी एकदम उलटली. पुढच्या पानाला अंगठा पुन्हा जिभेशी गेला, तेव्हा ते क्षणभर थबकले, ओठ चाटले आणि पुढं वाचू लागले.

अहो अण्णा, दोन पानं राहिली! मी मनातल्या मनात ओरडत राहिलो. पण कागदाला तोंड नसतं.

त्यांनी मला पत्रासह परत पाठवलं. 'कादंबरी मन लावून वाचली. भाषा जिवंत आहे. पण राजनंदिनी भरल्या ताटावरून का उठते, ते कळलं नाही. तेच कळत नसेल तर छापावी कशी?'

पूर्णिमानं पत्राआधी माझी कड तपासली. पानं चिकटलेलीच होती. मग तिनं पत्र वाचलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

"मन लावून म्हणं! पानं तर सुटल्याली न्हाईत. वरवर चाळून प्रश्न काढलाय," ती म्हणाली.

तिनं ती पानं उघडून पाहिली नाहीत, मित्रांनो. सगळी चूक तिथंच झाली. मला तिनं पत्र्याच्या पेटीत टाकलं. पेन दूध संस्थेच्या वहीपुरतं उरलं. दोन वर्षं मी अंधारात विचार करत होतो, अण्णांना अजून आठवत असेन का?

गेल्या उन्हाळ्यात पेटीत मुंग्यांची रांग लागली. तानाबाईंनी मला अंगणात उन्हात ठेवलं. काकवी पाघळली. पूर्णिमा मुंग्या झटकायला बसली आणि ती दोन पानं तिच्या हातात अलगद सुटली. ती वाचू लागली. वाढायला वाकलेल्या होणाऱ्या सासूच्या हातात राजनंदिनीला पाटल्या दिसतात. चोरीला गेलेल्या, तिच्या मेलेल्या आईच्या पाटल्या. ती ताटावरून उठते.

पूर्णिमानं अण्णांचं ते पत्र काढून पुन्हा वाचलं.

"आत्ती, त्यांनी समदं वाचलंतं," ती म्हणाली. "ह्या दोन पानांबगार समदं. म्हणून तर त्योच प्रश्न इचारला. आणि मी त्यांना लबाड ठरवलं."

तानाबाईंनी स्वतःच्या बोटाकडं पाहिलं. "माझं बोट नडलं बघ, पोरी."

दुसऱ्या दिवशी पूर्णिमा मला छातीशी धरून एसटीत बसली. अण्णा आता आणखी वाकले होते. तिनं सारं सांगितलं, माफी मागितली आणि तेवढी दोन पानं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी भिंग घेतलं. सवयीनं अंगठा जिभेला लागला.

"तरीच म्हटलं, गोड कशानं लागलंतं," ते पुटपुटले.

मग वाचून झालं. भिंग खाली ठेवायला त्यांना वेळ लागला.

"पाटल्या व्हय," अण्णा म्हणाले. "दोन वर्षं हुडकतोय मी, पोरगी कशापायी उठली. जेवताना सुदिक आठवायची."

पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. छापणार का, हे विचारायचं ती विसरूनच गेली. मीच अधीर झालो होतो! निघताना अण्णाच म्हणाले, "पानांवर आकडे घालून आणा. मग छापायचं बघू."

आज दुपारी ती खिडकीशी बसून माझ्यावर आकडे घालते आहे. मित्रांनो, मी पुस्तक होईन का, ते मलाही ठाऊक नाही. एवढंच सांगतो, काकवी भाकरीबरोबर खा. आणि आपल्याला कुणी वाचलंच नाही म्हणून रुसण्याआधी आपली पानं एकदा स्वतः उघडून बघा. पूर्णिमा आता दोनशे बाराव्या पानावर आली आहे. तिथला काकवीचा तपकिरी डाग काही गेलेला नाही. डागाच्या कडेला एका म्हाताऱ्या अंगठ्याचा ठसा आहे. तिनं त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि शेजारी आकडा लिहिला.