खडकावरून न घसरलेली रुआ

मी एक म्हातारी, तांबड्या केसांची, सेटर जातीची शिकारी कुत्री आहे. माझे नाव रुआ. आमच्या आयर्लंडच्या जुन्या भाषेत रुआ म्हणजे लाल. माझा पुढचा डावा पाय वाकडा आहे. मित्रांनो, तो कसा वाकडा झाला हे बराच काळ फक्त दोघांनाच माहीत होते. एक मी आणि दुसरा माझा मालक.

मेयो परगण्यातल्या डोंगरपायथ्याशी मॅलकी गॉन आणि त्याची बायको अट्राक्टा यांचे घर आहे. तिथेच, स्वयंपाकघरातल्या चुलीमागे माझा जन्म झाला. भावंडे एकेक करून दुसऱ्या घरी गेली. मला मात्र मॅलकीने ठेवून घेतले, कारण मी चुलीवरच्या पातेल्याकडे न बघता दारातून येणाऱ्या वाऱ्याकडे नाक करून बसायचे. मासे धरायच्या गळाच्या काठीला पक्ष्याचा पंख बांधून तो माझ्यासमोर अंगणभर नाचवायचा. पंखावर झडप घालायची नाही, समोर थिजून राहायचे, हा माझा पहिला धडा. अट्राक्टा खिडकीतून हसायची.

"मॅलकी, कुत्री कधीच शिकली! आता तू तरी नाचायचा थांब."

आमचे काम सांगायला सोपे आहे. ग्राऊस नावाचा, तित्तिरासारखा पक्षी डोंगरावरच्या हेदरच्या झुडपांत दडून बसतो. त्याचा वास लागला की मी पोट जमिनीला टेकवून थिजायचे आणि मालक बंदूक घेऊन येईपर्यंत हलायचे नाही. आमच्याकडे कोरडा दिवस विरळाच. भुरभुर पावसात वास ओल्या झुडपाला चिकटून राहतो, धो धो पाऊस मात्र तो पार धुऊन नेतो. आणि भिजलेला ग्राऊस उडायचा कंटाळा करतो, झुडपांच्या बुडातून नुसता पळत राहतो. मग तो सरकेल तसे मीही सरकायचे आणि पुन्हा थिजायचे. हे मला फार छान जमे. पबमध्ये मॅलकी सगळ्यांना सांगायचा, "पावसात नाक चालावं तर माझ्या रुआचंच." मी टेबलाखाली झोपेचे सोंग घेऊन ऐकत असे.

मग एका उन्हाळ्यात डोंगरावर मेंढ्या मरू लागल्या. त्यांच्या मानेवर दातांचे व्रण असत. आमचा शेजारी फेस्टी मेंढ्या पाळतो. माणूस तोंडाचा फटकळ. तो एक दिवस तणतणत दारात आला.

"मॅलकी, लाल काहीतरी पळताना दिसलंय मला. तुझी ही बाई रात्री कुठे असते?"

"चुलीमागे घोरत असते. माझ्यापेक्षा मोठ्यांदा."

"हस, हस! मेंढीच्या रक्ताची चटक लागलेल्या कुत्र्याला गोळीच घालावी लागते, तुला ठाऊक आहे."

मॅलकीने त्याला हसतच वाटेला लावले. पण दुसऱ्या दिवसापासून तो माझे तोंड हुंगू लागला, ओठ उचलून दात पाहू लागला. मला वाटले, लाड करतोय.

सप्टेंबर आला आणि आम्ही शिकारीला निघालो. पाऊस बारीक होता, धुके दाट होते. मला वास लागला, पण पक्षी पळत होते. मी सरकत सरकत उंचवट्यापलीकडे गेले आणि तिथे थिजले. मागून शिटी ऐकू आली. पुन्हा आली. वळले असते तर पक्षी हातचे गेले असते, म्हणून मी हलले नाही. तेवढ्यात कशाने तरी बुजलेल्या दोन मेंढ्या धुक्यातून माझ्या अंगावरून पळाल्या आणि त्यांच्यामागून मॅलकी वर आला. त्याला दिसल्या त्या पळणाऱ्या मेंढ्या, आणि दिसले दबा धरून बसलेले लाल कुत्रे.

त्याने हातातली डोंगर चढायची काठी माझ्यावर घातली, ती पायावर बसली.

मी ओरडले आणि माझ्या नाकासमोरून चार ग्राऊस फडफडत उडाले.

मॅलकीने उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहिले. मग काठी टाकून गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "रुआ, रुआ, हे काय केलं मी?" त्याने मला आपल्या कोटात गुंडाळले आणि निसरड्या वाटेने कुठेही न टेकता खाली आणले. तो स्वतः नखशिखांत भिजला होता. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "खडकावरून घसरली."

गावात त्याचे केवढे कौतुक झाले! कुत्रीला डोंगरावरून उचलून आणणारा माणूस म्हणून लोक त्याची पाठ थोपटायचे. तो ग्लास अर्धा ठेवून उठायचा. हळूहळू त्याने पबमध्ये जाणे सोडले. बंदूक कपाटात गेली. आपल्या ताटातले मांस तो मला घाली, पण माझ्या डोळ्यांत पाहत नसे. पाऊस आला की माझा पाय ठणकतो. मी लंगडले की त्याचा घास हातातच राहायचा. म्हणून मित्रांनो, त्याच्या देखत मी सरळ चालायची धडपड करायचे. त्यात मी जास्तच लंगडायचे, आणि आपल्यामुळे त्याचे जेवण पुन्हा राहिले असे मला वाटायचे.

वसंतात फेस्टी पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात मटणाचे मोठे हाड होते. सरोवरापलीकडचा एक तांबडा मोकाट कुत्रा मेंढीसकट सापडला होता.

"तुझ्या पोरीवर उगाच आळ घेतला मी," तो म्हणाला. "तू ऐकलं नाहीस माझं, म्हणून वाचली बिचारी."

अट्राक्टा चहा ओतत होती. मॅलकीने टेबलाची कड धरली.

"ऐकलं होतं मी, फेस्टी. सगळं खरं मानलं होतं. ती खडकावरून नाही घसरली. मी मोडला तिचा पाय."

फेस्टीने ते हाड माझ्यापुढे ठेवले आणि टोपी काढली.

"म्हणजे आपण दोघांनी मिळून मोडला म्हणायचा."

"आणि मी गावभर ह्याचे गोडवे गात फिरले!" असे म्हणून अट्राक्टाने किटली आदळली. पुढे कित्येक दिवस ती मॅलकीशी बोललीच नाही. "रुआ, त्या माणसाला सांग, चहा झालाय," असे मलाच सांगायची. सांगता आले असते, तर मी त्याला कितीतरी सांगितले असते.

सप्टेंबर पुन्हा आला आणि तशाच एका भुरभुरत्या सकाळी मॅलकी मला डोंगरावर घेऊन गेला. बंदूक घरीच होती. मला वास लागला. पक्षी पळाले, मी सरकले, त्याच्या नजरेआड गेले आणि थिजले. वाकडा पाय थरथरत होता. शिटी एकदाच वाजली. मग ओल्या झुडपांतून पावले जवळ आली. खोटे कशाला बोलू, मी डोळे मिटले.

तो चिखलात माझ्याशेजारी बसला. त्याने माझ्या छातीखाली हात घालून त्या पायावरचा भार आपल्या तळव्यावर घेतला, आणि आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. शेवटी पक्षी उडाले आणि धुक्यात दिसेनासे झाले. मॅलकीने माझ्याकडे पाहिले, थेट डोळ्यांत.

मित्रांनो, आम्हा मुक्या जनावरांना आपली बाजू मांडता येत नाही. कधी आमचा राग आलाच, तर हात उगारण्याआधी चार पावले पुढे या, आमच्याशेजारी बसा, आणि आम्ही कशाकडे पाहतो आहोत तेवढे एकदा पाहा.