चार ठिपके, दोन मुसळं

साल २०२३, मे महिना. गावात मिरची कांडपाचं यंत्र येऊन वीस वर्षं झाली होती. पण वरवंडची लालबी आणि शेजारची सोजराबाई लग्न होऊन आल्यापासून एकाच उखळात दोन मुसळांनी मसाला कुटायच्या. यंत्राशी गप्पा मारता येत नाहीत, असं दोघींचं मत.

त्या दुपारी उंबऱ्यात लालबीची नात फरहत लॅपटॉप घेऊन बसली होती. शिरूरच्या एका कंपनीत ती सहा महिने कच्च्या नोकरीवर होती. लेसरचा झोत भिंगांतून कसा जाईल, ते कॉम्प्युटरवर किरणांच्या रेघा ओढून आधीच दाखवायचं, हे तिचं काम. चार वाजेपर्यंत बरोबर चित्र कंपनीला गेलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. लालबीनं तर पक्की झाल्याचे पेढे आळीत आधीच वाटून टाकले होते!

"तोंड का पाडलंस गं?" सोजराबाईनं विचारलं.

"आजी, हा झोत साधा न्हाई, चार ठिपक्यांचा हाय. कंपनीत भिंगातून गेला तरी चारच दिसतात. माझ्या चित्रात मात्र मधोमध एकच गोळा होतोय."

"मग दटाव की चौघांना!"

"सोजरे, उखळात बघ," लालबी म्हणाली, आणि तिलाच सणसणीत शिंक आली. ताल चुकला. दोन्ही मुसळं एकदम खाली आली, खाड्‌कन आपटली आणि मिरचीची मूठभर पूड थेट लॅपटॉपवर.

"अगं बये, एकीचं वर तवा दुसरीचं खाली! पन्नास वर्षं सांगते हिला!" सोजराबाई ओरडली.

"शिंकेला काय ताल असतो व्हय?"

दोघी हसू लागल्या, शिंकू लागल्या, पुन्हा हसू लागल्या. फरहत लॅपटॉपवरची पूड झटकत उठली. मग तिनं किंकाळीच मारली, "दादी, माझी चारही मुसळं एकदम पडतायत!"

लालबीला वाटलं, पोरीच्या डोक्यात मिरची गेली.

"उजेडाची लाट असते, दादी. शेजारच्या ठिपक्याची लाट वर असंल, तवा ह्याची खाली पायजे. मी सगळ्यांना एकच ताल दिला, म्हणून मधी गोळा!"

डोळे पुसत, शिंकत तिनं ताल बदलला. किरण पुन्हा धावले. भिंगापलीकडं चार ठिपके वेगवेगळे उमटले, मधे काळी फुली. सोजराबाईनं मुसळ टाकून फुगडीच धरली, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून लालबीही फिरली. चित्र पावणेचारला गेलं.

फरहत पक्की झाली. आता शिरूरला राहते, नव्या पोरांना आधी दोन मुसळांची गोष्ट सांगते. तो लॅपटॉप तिच्या धाकट्या बहिणीकडं, सुमैयाकडं आला. उघडला की ती अजून शिंकते. लालबीनं पेढे पुन्हा वाटले, आणि आळीनंही ते पुन्हा खाल्ले. सोजराबाई मुलाकडं दौंडला गेली, पण जाताना आपलं मुसळ घेऊन. दर मे महिन्यात ते घेऊन ती एसटीनं वरवंडला उतरते. फाट्यावर लालबी उभीच असते, आणि दोघी तिथूनच हसायला लागतात.