गायरानातल्या फांद्या

साखराबाईनं शेळ्या विकल्या त्या सुनेपायी. गायरानावर झाडं लागणार, शेळ्यांना बंदी, हे ऐकून सारं गाव बोंबललं. ही मात्र गप्प. कारण झाडंवाल्या कंपनीचा साहेब म्हणाला होता, "परदेशातला एक कारखाना धूर सोडतो. तेवढा धूर ही झाडं पिणार, म्हणून खर्च तो कारखाना देणार. पाण्याला दोन माणसं बारमाही लागतील." ती दोन माणसं म्हणजे लेक परमेश्वर आणि सून मनिषा, हे म्हातारीनं तिथंच ठरवून टाकलं. आदल्या साली मनिषा उसाच्या फडातच बाळंत झाली होती. पोर दोन दिवसही जगलं नाही. पुन्हा तिला फडावर धाडायची नाही, एवढंच म्हातारीच्या डोक्यात होतं.

आता साहेबाची अक्कल बघा! झाडं लावली आषाढात, अन् पाण्याची माणसं म्हणे चैत्रातल्या तपासणीनंतर. दसरा झाला की आमच्या बीडकडची गावं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, हे त्याच्या कागदात कुठं होतं? परमेश्वर-मनिषाही गेले. मागं राहिली म्हातारीकोतारी. साखराबाई एकटी हंडे वाहून वाहून किती वाहणार? माघापर्यंत निम्मी रोपं मेली, निम्मी सुकली.

चैत्रात ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. मनिषाला दुसरा महिना लागला होता. दुसऱ्याच दिवशी तपासणी! म्हातारी घाबरली. मेलेल्या झाडांना पाणी घालायला माणसं कोण ठेवतंय? तिनं कोवळ्या पालवीच्या निंबाच्या फांद्या तोडल्या आणि रस्त्याकडच्या खड्ड्यांत चिखल करून एकेक रोवली. हाताची सालटं निघाली बिचारीच्या.

साहेबानं जीपमधून उतरून फोटो काढले. "आजी, कमाल केलीत! झाडांनी मूळ धरलं, आता पाण्याची गरज नाही. मी टँकर आणि दोन माणसं मंजूर करून आलो होतो. ती आता दुसऱ्या गावाला देतो, तिथली फार सुकलीत."

लाज गुंडाळून साखराबाईनं एक फांदी उपटली आणि त्याच्यापुढं धरली. "पाया पडते, साहेब. या फांद्या हायत. मीच रोवल्या. माज्या सुनंला काम द्या."

साहेबानं आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ही परत खोचा, आजी. खोटं केलं असं लिहिलं तर गावाचं नाव यादीतून जाईल, माझी नोकरीही जाईल. झाडं जगली म्हटलं की सगळ्यांचं भागतंय."

"आमचं कुटं भागतंय?" ती म्हणाली. जीप निघूनही गेली.

फांद्या आठ दिवसांत वाळल्या. तिकडं परदेशात कारखान्याचा धूर चालू राहिला. गायरानाला तारेचं कुंपण आणि वर जंगलाची पाटी.

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर आला. आठव्या महिन्यातली मनिषा कोयता घेऊन ट्रॉलीत चढली. साखराबाईनं तिच्याकडं गोधडी दिली.

"आत्या," मनिषा म्हणाली. रागानं नव्हे, अगदी साधं म्हणाली. "तुमी फांद्या रोवल्या नसत्या, तर मी आज घरी असते ना वो?"

ट्रॉली हलली. म्हातारी तारेला धरून उभी राहिली.