फुग्यावरचं नाव

लॉफग्रेन मुख्याध्यापक उघड्या हाताने फुग्याला कवटाळून टीव्हीवाल्यांसमोर हसत होता, तेव्हाच माझं डोकं फिरलं. शाळेत पोरांना पहिला धडा हाच देतो आम्ही : हातमोजे घातल्याशिवाय फुग्याला बोट लावायचं नाही. हाताचं तेल लागलं की ते पातळ रबर वर जाऊन अवेळी फाटतं. पण त्याला कोण सांगणार? मैदानाला दोरी बांधून मला दोरीच्या अलीकडे उभं केलेलं. मी याच शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, रेडिओ क्लब उभा केला, आणि आता निवृत्त झाले म्हणून प्रेक्षकांत.

दोरीच्या पलीकडे यसेनिया बॅरागान गॅसची नळी धरून उभी होती, हातमोजे घालून. बाकी सगळे फोटोसाठी उभे होते, ती एकटी काम करत होती. फुग्याच्या मानेला पाण्याचा कॅन टांगून ती उचल मोजत होती. कॅन जमिनीवरून सुटला तसं तिने माझ्याकडे बघून मान हलवली. त्या फुग्याखालच्या डब्यातलं यंत्र तिने एकटीने बनवलं होतं. वर जाताना आपली जागा आणि उंची रेडिओवर सांगत राहणारं. तिची आई मांसाच्या कारखान्यात कापायच्या पट्ट्यापाशी उभी असते, बाप रात्री तिथलीच फरशी धुतो. पोरीने माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझे जर्दाळूचे कोलाचे, गोड भरलेले पाव, खात खात, हिवाळाभर ते जुळवलं. आणि फेब्रुवारीत परीक्षा देऊन रेडिओचा परवाना काढला.

परवान्याबरोबर सरकार एक नाव देतं, अक्षरं आणि आकडा मिळून. जगात ते दुसऱ्या कुणाचं नसतं. आम्ही रेडिओवाले त्याला हवेतलं नाव म्हणतो. आमच्यातले कितीतरी जण एकमेकांना त्याच नावाने हाका मारतात, बारशाचं नाव विसरतात. फुगा ज्याच्या नावाने उडतो ते नाव त्याच्या प्रत्येक संदेशात असतं, नकाशावर तेच दिसतं. आणि आमच्या भागात एक रीत आहे, ती कुणी मोडत नाही : फुगा खाली पडला की डब्याला पहिला हात ज्याच्या नावाने उडाला त्याचाच. बाकीचे, म्हातारे का असेनात, कडेला उभे राहतात.

आजचा फुगा यसेनियाच्या नावाने उडायचा होता. तिला एवढंच हवं होतं. बक्षीस नाही, टीव्ही नाही.

"टेपवर हे काय चिकटवलंय, मिस?" सुटण्याआधी तिने दोरीपाशी येऊन हळूच विचारलं. "मी काल डबा निळ्या टेपने बंद केला होता. आता त्यावर टॅगार्ट बियाणे कंपनीचे स्टिकर आहेत."

"गॅस त्यांनी दिलाय ना. मिरवू दे."

हे मी म्हटलं. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही.

टॅगार्टचा पोरगा ब्रोडी शाळेच्या फुटबॉल संघाचा नायक. त्याच्या अंगावर 'मोहीमप्रमुख' असं छापलेला शर्ट होता. फुग्याची दोरी सोडायचा मान त्याला. फुगा सुटला, टाळ्या वाजल्या, आणि मी माझ्या पिकअपकडे पळाले. यसेनिया शेजारी येऊन बसली, मांडीवर अँटेना, डोक्यावर हेडफोन. पाठलाग आम्हीच करायचा होता, त्यात फोटो नव्हते.

शहराबाहेर पडेपर्यंत माझ्या रेडिओने खरखरून जीव नकोसा केला. यंत्राने मिनिटातून एकदा बोलायचं, तर हे थांबतच नव्हतं. आमच्या सगळ्यांची वाट अडवून बसलं होतं.

"कोण बडबडतंय हे?" ऑर्व्हिलचा आवाज मधेच घुसला. ऑर्व्हिल ऐंशीचा, टेकड्यांपलीकडे राहतो, आमच्या पाठलागाची सूत्रं त्याच्या घरून हलतात. "विल्मा, तुझ्या क्लबाचं नाव दिसतंय. तू काय दोन यंत्रं पाठवलीस का?"

"माझ्या क्लबाचं?"

यसेनियाने पडद्यावर बोट ठेवलं. नकाशावर फुगा होता, उंची वाढत होती, आणि त्यावर नाव होतं शाळेच्या क्लबाचं. तिचं नाही. त्या क्लबाचं नाव सरकारदरबारी माझ्या परवान्याला बांधलेलं आहे. ते कुणी वापरायचं ते मी ठरवायचं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली आणि लॉफग्रेनला फोन लावला.

"विल्मा, एवढं काय मनावर घेता?" तो म्हणाला. "टीव्हीवर नकाशा दाखवणार ना ते. त्यावर शाळा दिसायला नको? काल आमच्या संगणकवाल्याने पाच मिनिटांत बदलून दिलं."

"कुणाला विचारून बदललं?"

"शाळेचा कार्यक्रम आहे. शाळेचं नाव टाकलं. त्यात विचारायचं काय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीने हिवाळाभर जागून जुळवलेल्या यंत्राचं नाव, घरावरची पाटी उपटून दुसरी ठोकावी तसं बदललं, आणि वर मलाच विचारतो, विचारायचं काय.

 यसेनियाने नावाचं सोडून वेगळंच काढलं. "बदलताना त्याने सगळं पुसून पहिल्यापासून भरलं असणार. मिस, मग उडायची खूण पण गेली असेल."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. उपग्रहावरून जागा काढणारा तो तुकडा मुळात गाड्यांसाठी बनवतात. त्याला आधी बजावून ठेवावं लागतं की बाबा, तू उडणार आहेस. नाहीतर चाळीस हजार फुटांच्या वर गेला की तो जागा सांगणं सोडून देतो. दर वर्षी कुठल्या तरी शाळेत हीच चूक होते. यसेनियाने ती केली नव्हती, आठवणीने खूण घातली होती. तिच्या सगळ्या खुणा त्या पाच मिनिटांत धुऊन निघाल्या.

चाळीस हजारांना नकाशावरचा आकडा गोठला. यंत्र बडबडत होतं, पण तीच जागा, तीच उंची. आणि मिनिटातून एकदा बोलायचं ते अखंड बोलून, वरच्या थंडीत, थोड्या वेळाने बॅटरी संपवून गप्प झालं.

ऑर्व्हिल म्हणाला, "स्थानिक बातम्या ऐक जरा, विल्मा. तुमचा साहेब बोलतोय."

मी ऐकलं. लॉफग्रेन मैदानातून सांगत होता की शाळेने तयारी उत्तम केली होती, पण एका विद्यार्थिनीने बनवलेल्या यंत्रात दुर्दैवाने बिघाड झाला, आणि तिचंही नाव घेतलं. कौतुकाच्या सुरात. तिला पुढच्या वेळेस शिकायला मिळेल म्हणाला.

उडताना नाव शाळेचं आणि पडताना तिचं. निर्लज्जपणाला काही सीमा असते की नाही? मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. शिव्या दिल्या, चेक भाषेत, माझ्या आजोबांच्या ठेवणीतल्या. यसेनियाला त्या कळत नाहीत, पण सूर कळतो.

"मिस," ती म्हणाली, "डब्यात अजून एक आहे."

"काय एक?"

"स्पंजाच्या खाली. छोटंसं. तुम्हीच म्हणाला होतात ना, एकावर विसंबायचं नाही. त्याला जागाबिगा काही कळत नाही. ते फक्त मोर्सच्या टिंब-रेघांत नाव सांगतं. त्याची बॅटरी वेगळी आहे."

"कुणाचं नाव?"

तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. खरखरीच्या मागे बारीक, दूरवरून, दा-दि-दा. मग पुढचं सगळं. तिचं नाव. लॉफग्रेनच्या संगणकवाल्याला त्या तुकड्याचा पत्ताच नव्हता, आणि असता तरी त्याला मोर्स कुठे येतं?

मी रेडिओ उचलला आणि तो बारीक आवाज रेडिओच्या कुठल्या आकड्यावर लागतो ते सगळ्यांना सांगितलं. मग जे झालं ते सांगताना मला अजूनही बरं वाटतं. टेकड्यांच्या चहूबाजूंनी, गावागावांतून, गुरांच्या वाड्यांतून, गॅरेजमधून आमच्या लोकांनी अँटेना फिरवल्या. कुणी कामावरची जेवणाची सुट्टी घेऊन, कुणी बायकोची ओरड खाऊन.

"उत्तरेच्या थोडं पूर्वेला येतोय," एक जण म्हणाला.

"माझ्याकडून बरोबर पश्चिमेला," दुसरा.

"पोरीचं नाव स्वच्छ येतंय," ऑर्व्हिल म्हणाला. "तिला सांग, मोर्स चांगलं बसवलंय तिने यंत्रात. लय तुटत नाही."

यसेनियाने कागदी नकाशा गुडघ्यावर पसरून प्रत्येकाची रेघ मारली. रेघा एका छोट्या वर्तुळात येऊन मिळाल्या. आवाज हळूहळू बारीक झाला, मग टेकड्यांआड बुडाला. डबा जमिनीवर होता.

त्या वाळूच्या टेकड्यांत रस्ते थोडे आणि फाटकं फार. ज्याची जमीन त्याला आधी फोन केला. तो म्हणाला, जा, पण फाटक जसं असेल तसं ठेवा, कालवडी सोडल्यात. आम्ही पवनचक्कीपाशी गाडी उभी केली. यसेनिया गाडीच्या छपरावर चढून अँटेना फिरवत राहिली. आणि मग तिचा हात एका बाजूला थांबला.

गवतात डबा पडला होता, वर फाटलेल्या रबराच्या चिंध्या, एक कालवड वास घेत उभी. टॅगार्टचे स्टिकर थंडीत सुटून लोंबत होते. खाली निळी टेप दिसत होती.

"उचल," मी म्हटलं. "रीत आहे. तुझाच हात."

एवढ्यात फोन वाजला. लॉफग्रेन. ऑर्व्हिलच्या रेडिओवरच्या बोलण्यावरून त्यांनाही जागा कळली होती. "हात लावू नका हां. टीव्हीवाले वाटेत आहेत. ब्रोडी उचलेल. फुगा शाळेच्या नावाने उडालाय, तुमच्याच रीतीप्रमाणे शाळेचा मान."

माझ्याच रीतीचा दाखला मलाच. मी फोन बंद केला. मी यसेनियाला सांगितलं, "ऐकू नकोस. उचल आणि चल घरी."

ती डब्याशेजारी गवतात बसली. मांडी घालून, हात मांडीवर. "येऊ द्या त्यांना, मिस."

"अगं पण का?"

"येऊ द्या."

मला वाटलं पोर हरली. वाटलं, कारखान्यातल्या आईबापांनी शिकवलं असणार, साहेबाशी भांडू नये. मला त्याचाही राग आला.

टीव्हीच्या गाडीआधी आमचे चारपाच म्हातारे येऊन पोचले. ऑर्व्हिल काठी टेकत आला. कुणी डब्याजवळ गेलं नाही. रीतीप्रमाणे कडेला, टोप्या हातात घेऊन उभे राहिले. मग शाळेची गाडी आली. लॉफग्रेन धापा टाकत वाळू चढला, मागे ब्रोडी त्या शर्टात, मागे कॅमेरा आणि माइक घेतलेली वार्ताहर बाई.

"छान, छान," लॉफग्रेन म्हणाला. "यसेनिया, तू जरा बाजूला हो. ब्रोडी, इकडे बस. डबा दोन्ही हातांनी धर."

ब्रोडी जागचा हलला नाही. त्याने म्हाताऱ्यांकडे पाहिलं, टोप्यांकडे पाहिलं. "सर, हे लोक का उभे आहेत असे?" त्याने विचारलं.  त्याने हात खिशात घातले. पोरगा वाईट नव्हता.

"ठीक आहे, आधी मी बोलतो," लॉफग्रेन म्हणाला. कॅमेरा सुरू झाला. त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली की यंत्र निकामी झालं तरी शाळेच्या संघाने चिकाटी सोडली नाही. ऑर्व्हिलने वाळूत थुंकलं. मी पुढे सरकले, तर यसेनियाने माझ्या पँटचं टोक धरलं, बसल्या बसल्या. पिकअपमधला माझा रेडिओ मोठ्या आवाजात सुरू होता, खिडक्या उघड्या. गाडीतून उतरताना तीच आवाज चढवून आली होती. मला तेव्हा कळलं नव्हतं.

दा-दि-दा. आणि पुढचं. थोडं थांबून पुन्हा.

वार्ताहर बाईने हात वर केला. "थांबा, मागे काहीतरी वाजतंय. आवाज खराब होतोय."

लॉफग्रेनचं तोंड वाकडं झालं. "कुणाचं आहे ते? विल्मा, बंद करा बघू ती टीं-टीं. कधीपासून चाललीय."

"रेडिओ बंद केला तरी ते थांबणार नाही, सर," यसेनिया म्हणाली. ती अजून बसलेलीच होती. "ते डब्यातून येतंय. माझं नाव आहे ते. तेवढं पुसायचं राहून गेलं तुमच्याकडून."

 वार्ताहर बाईने लॉफग्रेनकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग कडेला उभ्या म्हाताऱ्यांकडे.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"सकाळपासून सगळ्या टेकड्यांनी ऐकलंय," ऑर्व्हिल म्हणाला. "त्याच नावावरून सापडला फुगा. मोठं यंत्र यांनी काल बिघडवलं, तिने नाही."

बाईने लॉफग्रेनच्या तोंडासमोरचा माइक काढला आणि गवतात गुडघे टेकून डब्याशेजारच्या यसेनियासमोर धरला. लॉफग्रेन अजून कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होता, त्याला कुणी बाजूला व्हायलाही सांगितलं नाही. मग यसेनियाने दोन्ही हात पुढे केले, निळ्या टेपवर ठेवले, आणि डबा उचलून छातीशी धरला. पिकअपमधल्या रेडिओवर तिचं नाव वाजतच होतं.