झाकणावरचा दोरा

"गाडी तेल खातेय," बाबा म्हणाले आणि किल्ली माझ्या कामाच्या टेबलावर ठेवून बाजूला उभे राहिले. घरातल्या कोणाची तरी तक्रार घेऊन आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

हे गॅरेज बाबांनी उभं केलं, आता मी चालवते. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणायची. मला मिस्त्रीणबाई म्हणतात. आधी चिडवायला म्हणायची, आता गाडी अडली की गयावया करत म्हणतात. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे माझ्या कामात नाक खुपसायला कोणी येत नाही. बाबा सोडून.

गॅरेज माझ्या हवाली करताना त्यांनी स्वतःसाठी एवढी एकच गाडी ठेवून घेतली होती. आईचे गुडघे गेल्यापासून तिला कोपऱ्यापर्यंतही चालवत नाही. रोज दुपारी बाबा तिला गाडीत बसवून तळ्यावर नेतात, थर्मासमधला चहा दोघं अर्धा अर्धा पितात आणि परत येतात. बाकी दिवसभर ती घरात समोरच्या भिंतीकडे बघत बसलेली असते. ती फेरी म्हणजेच आईचा दिवस. गाडी बंद पडली तर काय बंद पडेल, हे मला कोणी सांगायला नको होतं.

"किती खातेय?" मी विचारलं.

"बघावं तेव्हा डिपस्टिक कोरडी. तेल घालतो, परत कोरडी. शेजारीण म्हणते, मागून निळा धूर निघतो. रिंगा गेल्या असणार."

"आज बघितलंत?"

"निघताना बघितलं. घातलं आणि आलो."

दुसरं कोणी असतं तर त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी तेल मोजायची ती सळी, डिपस्टिक, बाहेर काढली असती. पण आमच्या गॅरेजात बाबांनी बघितलेलं परत बघायची पद्धत नाही. पुसा, घाला, काढा, मग तोंड उघडा, हे मला त्यांनीच शिकवलं. तेव्हा माझं डोकं बॉनेटपर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. त्यांनी कोरडी म्हटलं म्हणजे कोरडी. मी डिपस्टिकला हातही लावला नाही आणि थेट मोठ्या आजाराच्या मागे लागले.

गाडीखाली पुठ्ठा टाकला. थेंब नाही. म्हणजे गळत नव्हतं, आत जळत होतं. प्लग काढले, ते काळपट आणि ओलसर. मग कॉम्प्रेशन तपासलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर दाबाचा काटा मध्येच लटकला असता, पण एकेका सिलिंडरला तो असा ताडकन वर जात होता की मलाच इंजिनाचं कौतुक वाटलं. व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा, तर गार गाडी चालू करताना धूर नाही. एअर फिल्टर उघडला आणि बघते तर काय, तो तेलात न्हालेला. इंजिनाची वाफ ज्या पाइपातून फिल्टरकडे जाते, त्या पाइपातून तेल वर चढत होतं. रिंगा धडधाकट असताना ते का चढावं? माझं डोकं फिरायची वेळ आली.

बाबा त्यांच्या जुन्या स्टुलावर बसून होते. "रिंगाच," ते मधूनमधून म्हणत होते.

"रिंगा ठणठणीत आहेत. तुमच्या-माझ्यापेक्षा."

शेवटी ठरवलं, सगळं तेल काढायचं, मोजून नवीन भरायचं आणि मग बघायचं. खालचा नट सोडला. ट्रे भरला. तेल येतच राहिलं. मी दुसरा ट्रे ओढेपर्यंत ते माझ्या बाहीतून कोपरापर्यंत पोचलं होतं. इंजिनात मावायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त तेल आत होतं, आणि तेही अगदी नवंकोरं, मधाच्या रंगाचं.

मी गाडीखालून बाहेर आले. "बाबा, गाडी तेल खात नाहीये. तुम्ही तिला कोंबून भरवताय."

आता सगळं सरळ होतं. गरजेपेक्षा जास्त तेल झालं की आतला फिरता दांडा ते घुसळून त्याचा फेस करतो. तो फेस पाइपातून फिल्टरमध्ये जातो, तिथून परत इंजिनात, आणि जळून निळा धूर होऊन मागून निघतो. आजार नव्हताच. औषधच जास्त झालं होतं.

"मला डिपस्टिक वाचता येत नाही, असं म्हणायचंय का तुला?" बाबा उठून उभे राहिले.

एरवी मी जगाला फाडून खाते, पण बाबांना तोंडावर हो म्हणायची माझी छाती नव्हती. मी मुकाट्याने कारणं शोधायला लागले. डिपस्टिक दुसऱ्या गाडीची तर नाही? नव्हती. घरी गाडी उतारावर उभी करतात का? अंगण सपाट आहे. गाडी थांबल्या थांबल्या बघतात का? तशी घाई करणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर झापलंय. मग उरला दोरा.

तो दोरा हीसुद्धा बाबांचीच करामत. तेलाची तक्रार आली की आम्ही खुणेपर्यंत तेल भरतो, भरायच्या झाकणावरून शेजारच्या कडीला दोरा बांधतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की पुढच्या तपासणीपर्यंत हात लावायचा नाही. दोरा शाबूत असून तेल उतरलं तर गाडी खरंच खाते. दोरा तुटलेला असेल तर कोणाचा तरी हात शिवशिवलाय. गाठ अशी आहे की सोडली तर परत जमत नाही. दोन वेढे घेऊन टोक खालून उलटं काढायचं असतं. जगात ती फक्त आम्हा दोघांना येते.

मी खुणेपर्यंत तेल भरलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरा दोरा बांधला.

"माझ्यावर माझीच गाठ?" बाबा फुरंगटून म्हणाले.

"आठवडाभर तेलाचा डबा हातात घ्यायचा नाही."

"बरं, मिस्त्रीणबाई."

आठवड्याने ते आले तेव्हा आई पुढच्या सीटवर होती, मांडीवर थर्मास घेऊन. दोघं तळ्यावरच निघाले होते. मी बॉनेट उघडलं. दोरा जागच्या जागी. गाठ तशीच, दोन वेढे, टोक खालून. मग मी डिपस्टिक काढली. तेल खुणेच्या चांगलं वर होतं.

बंद झाकणातून तेल आपोआप वाढत नाही. मी दोरा नीट बघितला. तो पिवळा होता. आईच्या शिवणाच्या डब्यातला, फिकट पिवळा.

आधी मला हसूच आलं. चोरी करायची तर नीट करावी ना, हाताला लागेल तो दोरा उचलला आणि बांधून मोकळे! मग राग आला. आता यांना चांगलंच फैलावर घ्यायचं, पण आईसमोर आणि गॅरेजच्या दारात नको, म्हणून मी तो दोरा सोडून खिशात टाकला आणि बाही पुसत मागच्या सीटवर जाऊन बसले. "चला, मीही येते तळ्यावर."

आई गाडीत कधी बोलत नाही. खिडकीतून बघते आणि चहाची वाट बघते. त्या दिवशी तिच्या बोलण्याला खंड नव्हता.

"पुढे सायकलवाली आहे हो, सावकाश जातेय बिचारी... दिवा लाल झाला वाटतं... किती वेळ लाल ठेवतात... हं, हिरवा झाला... अगंबाई, त्या पांढऱ्या गाडीला बघा कशी घुसायची घाई झालीय."

मला वाटलं, मी आल्यामुळे खूश आहे. पुढच्या चौकात परत तेच. "लाल आहे हं." बाबांनी ब्रेक दाबला, पण दिवा बघून नाही. तो तिच्या शब्दाबरोबर दाबला गेला. ते समोर बघतच नव्हते. मान किंचित तिच्याकडे कलवून ऐकत होते, बिघडलेल्या इंजिनाचा आवाज ऐकायचे तसे.

त्यांनी दोरा हाताला लागला म्हणून उचलला नव्हता. पांढरा समजून निवडून उचलला होता. आणि डिपस्टिकवर जुनं काळं तेल त्यांना दिसलंही असतं, पण स्वच्छ नवं तेल दिसतच नव्हतं. जितकं नवं घालत होते तितकं कमी दिसत होतं, म्हणून आणखी घालत होते. गाडी डोळ्यांत तेल घालून जपणारा माझा बाप, आणि त्याला तेलच दिसत नव्हतं.

"बाबा, गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

त्यांनी घेतली. मी पुढे येऊन दार उघडलं. ते मागे जाऊन बसले आणि तळ्यापर्यंत मी गाडी चालवली. आईचं बोलणं एकदम थांबलं होतं.

तळ्यावर मी खिशातून तो दोरा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "कुठला रंग आहे?"

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "पांढरा."

आई थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिली.

"पिवळा आहे, बाबा."

त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "मला डिपस्टिक कोरडी दिसायची. कोरड्या इंजिनावर तिला घेऊन कसा निघू? म्हणून घातलं. तू ओरडशील म्हणून दोरा परत बांधला."

"आणि तुला माहीत होतं?" मी आईकडे वळले.

"होतं की. मला काय गाडी चालवता येते? बोलता येतं, तेवढं केलं."

मग मात्र मी भडकले. रस्त्यावर एखादं पोर आडवं आलं असतं तर? आईच्या तोंडून शब्द निघेपर्यंत काय झालं असतं? तुम्हा दोघांना काही झालं असतं तर मी काय करायचं होतं, कोणाकडे बघायचं होतं? तळ्याकाठचे लोक वळून बघायला लागले, तरी मी थांबले नाही. ओरडता ओरडता मी रडायलाच लागले, आणि ते मला मुळीच चालत नाही.

बाबांनी किल्ली मागितली नाही. "माझ्या वडिलांचे डोळे असेच गेले," ते म्हणाले. "शेवटपर्यंत खिडकीपाशी बसून होते. कोणी आलं की पायरवावरून नाव सांगायचे आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक. मला तसं कौतुक नकोय. उद्या डॉक्टरनेही तेच सांगितलं, की मग संपलं. न सांगितलेलं बरं."

"इंजिन गेलं, असं गिऱ्हाईक आल्या आल्या म्हणालं तर तुम्ही काय म्हणायचात?"

ते बोटावरचा दोरा सोडवत राहिले.

"म्हणायचात, तपासल्याशिवाय गेलं म्हणायचं नाही. आणि तपासणी कोणाची करून ठेवलीत? बिचाऱ्या गाडीची!"

आई पहिल्यांदा हसली. मग बाबाही, नाइलाजाने. तिने झाकणात चहा ओतला आणि तो त्या दिवशी आम्ही तिघांनी पुरवून प्यायला.

मी त्यांना डोळे दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, काढून टाकू. एवढंच. बाबा खुर्चीतच बसून राहिले. ज्याला ते इतके दिवस आयुष्याचा शेवट समजत होते, त्याला त्या बाई गॅरेजमधल्या रोजच्या कामासारखं बोलत होत्या. ते मला म्हणाले, "बाई कामाच्या दिसतात. उगाच सगळं उघडून बसणाऱ्यांतल्या नाहीत."

दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन गाडी चालवायची परवानगी मिळेपर्यंत दुपारची फेरी माझ्याकडे होती. हातातलं काम टाकून मी दोघांना न्यायची. बाबा मागे बसून माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवायचे, आणि आई खिडकीतून बघत गप्प असायची.

मग एक दिवस ते स्वतः गाडी घेऊन गॅरेजात आले. आधी बॉनेट उघडलं, डिपस्टिक पुसली, घातली, काढली, आणि माझ्या नाकासमोर धरली. तेल बरोबर खुणेवर होतं. "तुझ्या ओव्हरऑलला किती डाग आहेत गं," ते वर म्हणाले.

मला राहवेना. "चला, मीही येते तळ्यावर."

मागे बसून मी रस्त्याकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. सायकलवाली आई बोलायच्या आत त्यांना दिसत होती. खड्डे ते आधीच चुकवत होते. आता तिने सांगायची काहीच गरज नव्हती, पण तिला सवय लागली होती. "लाल आहे हं," ती चौकात म्हणाली. ते कधीच थांबले होते.

दिवा हिरवा झाला. आई तेवढ्यात मांडीवरचा थर्मास सरळ करत होती, तिचं लक्ष नव्हतं. बाबा सरळ दिव्याकडे बघत होते. हिरवा त्यांना लख्ख दिसत होता, माझ्याइतकाच. तरी ब्रेकवरचा पाय उचलायचं त्यांनी नाव घेतलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीने. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी आरशातून मला नजरेनेच गप्प केलं.

आईने वर बघितलं.

"अहो, हिरवा झाला ना!"

"झाला का?" बाबा म्हणाले आणि मग गाडी काढली.