जड फ्लायव्हील आणि शनिवारचा चढ

मित्रांनो, या कोठीत तेलाच्या डब्यांशेजारी जी गोल, गंज चढू लागलेली चकती दिसते ना, तो मी. मी एक जुना, बिडाचा फ्लायव्हील आहे. नाव परके वाटेल, पण तुमच्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांमध्ये माझा एखादा भाऊबंद असतोच. इंजिनाच्या पाठीशी आम्हाला घट्ट आवळतात. क्लचची प्लेट आमच्या अंगाला येऊन चिकटली, की इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. इंजिन धक्के देत फिरते. ते धक्के आम्ही आपल्या वजनात मुरवून घेतो, आणि उभी गाडी हलताना इंजिन दमून बंद पडू नये म्हणून साठवलेले फिरणे थोडे थोडे देत राहतो. जड असणे हाच माझा गुण होता. तोच पुढे माझा दोष ठरला.

मला वाळूच्या साच्यात ओतले, लेथवर तासले, तोल तपासून एका लहान निळ्या गाडीत बसवले. ती गाडी सेरेस शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावी आली. मालकाचे नाव लाझारोस. तंबाखूची शेती करायचा. गावात बायका गाडी चालवत नसत तेव्हा त्याने आपल्या बायकोला, एव्हान्थियाला, शेजारी बसून शिकवले. कॉफीच्या दुकानातली माणसे म्हणायची, "लाझारोस, गाडीला बकरीची घंटा बांध रे, म्हणजे आम्हाला पळायला वेळ मिळेल." तो म्हणायचा, "तुम्ही कशाला पळता? तुम्हाला खुर्चीतून उठताना कोणी पाहिलंय का?"

एव्हान्थिया क्लच फार हळू सोडायची. एवढ्या हळू, की दुसरे एखादे इंजिन गुदमरून गेले असते. पण मी होतो. ती छातीवर क्रूस काढायची, "चल बाळा" म्हणायची, आणि आम्ही हलायचो. हे ती मलाच म्हणते, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

मग लाझारोस गेला. गावाची दफनभूमी चढावर आहे, आणि चढ असा, की म्हातारी माणसे मध्येच भिंतीला टेकून उभी राहतात. एव्हान्थियाचे गुडघे तंबाखूच्या रांगांत वाकून वाकून गेलेले. तरी दर शनिवारी दुपारी ती तेलाचा डबा नि वाती घेऊन गाडीत बसायची. वर जाऊन थडग्याचा संगमरवर पुसायची, नवऱ्याचा दिवा लावायची, आठवडाभराचे त्याला सांगायची. तिचा तो नेम होता. पाऊस असो, उपासाचे दिवस असोत, नेम चुकला नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा हलवताना सगळा भार माझ्यावर यायचा, आणि मला तो हवाहवासा वाटायचा.

त्यांची मुलगी आरेती शहरात औषधांच्या दुकानात काम करते. तिला वेगाचे वेड बापाकडून आले. सेरेसला शर्यतींची धावपट्टी आहे. तिथे ठरलेल्या दिवशी कोणीही आपली गाडी आणून पळवू शकतो. बक्षीस नाही, नंबर नाही. आपल्याच मागच्या वेळेपेक्षा जरा लवकर पोचायचे, एवढेच. लहानपणी लाझारोस तिला तिथे न्यायचा. आता ती रविवारी हीच निळी गाडी घेऊन एकटी जायची.

एका रविवारी वळणातून निघताना क्लच घसरू लागला. जळका वास सुटला. तापून माझे अंग निळे पडले. आरेतीने गाडी पांदेलिसच्या गॅरेजात नेली. हा तिच्या बापाचा मित्र. त्याने मला सोडवून जमिनीवर ठेवले आणि टेबलावर दोन जोड मांडले. एक मध्यम वजनाचा फ्लायव्हील आणि मऊ पकडीचा क्लच. दुसरा माझ्या निम्म्याहून हलका, चकचकीत पोलादी, आणि त्याच्याबरोबर धातूच्या तुकड्यांचा कडक क्लच.

पांदेलिस म्हणाला, "आधी एक सांग. ही गाडी चालवतं कोण?"

"मीच. अजून कोण?"

"हा क्लच अर्धामुर्धा धरत नाही हं. धरला तर धरला, नाहीतर सोडला. आणि पेडल दाबताना पाय भरून येईल."

"काका, मी काय म्हातारी आहे?"

तो हसला आणि त्याने हलका जोड उचलला. जमिनीवर पडल्या पडल्या मला ती चालवणारे दुसरे नाव माहीत होते. पण मला तोंड कुठे आहे?

मला घरी आणून या कोठीत टाकले. पुढच्या शनिवारी एव्हान्थिया गाडीत बसली. इंजिन सुरू झाले, आणि गाडी हलण्याआधीच बंद पडले. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. कशीबशी ती कोपऱ्यापर्यंत गेली. चढाच्या पायथ्याशी गाडी मागे घसरल्याचा आवाज आला, मग कोणीतरी भोंगा वाजवला. बऱ्याच वेळाने ती परत आली. त्यानंतर ती पायी जाऊ लागली, आणि काही आठवड्यांनी तेही थांबले. तेलाचा डबा जागेवरून हलेना.

आरेतीला कळले नाही. ती अंगणात फोनवर मैत्रिणीला सांगायची, "नुसता पाय लावला की इंजिन वर उडतं गं, जुना लोखंडी दगड गेला ते बरं झालं." ऐकून वाईट वाटले. पण त्याहून जास्त मला त्या डब्याकडे बघवत नव्हते.

शेवटी शेजारच्या सुल्तानाबाईंनी भिंतीवरून सांगितले, "आरेती, तुझ्या बापाचा दिवा विझलेला आहे. मी लावते म्हटलं, तर तुझी आई म्हणते, माझ्या माणसाचा दिवा मीच लावणार."

आरेती आईला शोधत कोठीत आली. एव्हान्थिया हरभरे निवडत बसली होती.

"आई, गाडी जमत नाही हे मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? रविवारी तू परत येतेस ना, तेव्हा तुझं तोंड अगदी त्याच्यासारखं दिसतं. एका दिव्यासाठी तो दुसरा दिवा विझवू मी?"

 आरेतीही खाली बसून हरभरे निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मला उचलून गाडीत ठेवले. मित्रांनो, त्या वाटेवर मला किती आनंद झाला, हे कसे सांगू? पण पांदेलिसने मला पुसले, उजेडात धरले, आणि मान हलवली. तापून माझ्या अंगावर बारीक चिरा पडल्या होत्या. "हा पुन्हा फिरला तर एखाद्या दिवशी फुटेल," तो म्हणाला. त्याचे खरे होते. मला मान्य करावे लागले.

मग तो मध्यम जोड पुन्हा टेबलावर आला. या वेळी आरेतीने ठरवण्याआधी आईला बोलावून आणले. तसाच क्लच बसवलेली कोणाची तरी गाडी दारात उभी होती, तिच्यात एव्हान्थियाला बसवले. तिने पेडल दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"गुडघा काय म्हणतो?" पांदेलिसने विचारले.

"कुरकुरतो. पण तो कॉफी करतानाही कुरकुरतो."

मध्यम जोड गाडीत बसला, आणि आरेतीने काढलेला हलका, चकचकीत जोड परत खोक्यात ठेवला. ठेवताना तिचा हात त्याच्यावर जरा रेंगाळला, ते मी पाहिले.

आता मी कायमचा कोठीत आहे. मित्रांनो, गाडीत काय बदलायचे ते खुशाल बदला. पण तिच्यात कोण कोण बसते, ते आधी घरी विचारून या. न बोलणारे माणूसही त्यात धरा. आणि आमच्यासारख्या काढून ठेवलेल्यांना ओल्या जमिनीवर टाकू नका. एखादी फळी द्या, कधीतरी तेलाचे बोट फिरवा. आम्ही फिरत नसलो तरी ऐकत असतो.

आज शनिवार आहे. दुपारी डबा उचलला गेला. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावर थांबली, पुन्हा हलली. चढावर इंजिन एकदा खाली आले, मी अंग आवळून धरले, पण त्याला माझी गरज लागली नाही. आवाज वर वर जात राहिला आणि मग ऐकू येईनासा झाला.

उन्हे कलली. सुल्तानाबाईंनी दाराशी दोनदा डोकावून पाहिले. एव्हान्थिया अजून खाली आलेली नाही. इतक्या शनिवारांचे त्याला सांगायचे साचले आहे, वेळ लागणारच. मी वाट पाहतो आहे.