पाच नंबरची पट्टी

त्या दिवशी जान्हवीने दात नुसत्या पाण्याने घासले. सूचनेत तसंच लिहिलं होतं: पेस्ट नको, सुगंधी साबण नको, केसांना तेल नको, आणि परीक्षेच्या दोन तास आधीपासून चहासुद्धा नको.

"पेस्ट नको, चाय नको, आंघोळ तरी करतलंस ना?" प्रेमाने, म्हणजे तिच्या आईने, ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

"करते गं. बेसन लावून."

"बेसन? भजी तळूक जातंस काय परीक्षेक?"

जान्हवी हसली नाही. आईने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कायम झालंस काय लगेच फोन कर. धोंडिरामभावजींका मी सांगान ठेवलंय."

धोंडिरामभावजी शेजारी राहायचे. त्यांना सांगितलं म्हणजे नाहूरच्या त्या तिन्ही इमारतींना सांगितल्यासारखं होतं.

मुलुंडची 'रतनगंध' ही कंपनी साबण, शाम्पू, अगरबत्ती, फिनेल करणाऱ्यांना लागणारे सुवास तयार करून विकत असे. जान्हवी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजने मुलांना तिथे नेलं होतं. तिथल्या नलिनी मॅडमनी कागदाची एक अरुंद पट्टी नाकासमोर क्षणभर धरली आणि म्हणाल्या, "हे लिंबू नाही. लिंबाचं पान आहे, तेही चुरगळलेलं." बाकीची मुलं पुढे गेली, जान्हवी तिथेच उभी राहिली. नाकाने इतकं अचूक बोलता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तिला दुसरी कुठली नोकरी नको होती. एम.एस्सी. झाली, तीन वेळा अर्ज केला आणि तिसऱ्या वेळी तिला घेतलं. वर्षभर उमेदवारी, मग परीक्षा. सात पट्ट्या ओळखायच्या. जमलं तर कायमचं पत्र, नाही जमलं तर निरोप.

अडचण एकच होती, आणि ती नाकातच होती.

तिसऱ्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या कल्पिताने मस्कची बाटली उघडली. मस्क म्हणजे जुन्या काळची कस्तुरी. आता ती हरणापासून येत नाही, कारखान्यात बनते. धुतलेल्या कपड्याला दुसऱ्या दिवशीही जो स्वच्छ, मऊ वास असतो, तो बहुतेक तिचाच. कल्पिता म्हणाली, "झाकण लाव यार, डोकं चढलं." जान्हवीला काहीच आलं नाही. सर्दी असेल, असं तिला वाटलं. पण ती शास्त्र शिकलेली मुलगी, वाटण्यावर थांबणारी नव्हती. रविवारी घरी तिने तीन पट्ट्या घेतल्या. दोन कोऱ्या, एक मस्कमध्ये बुडवलेली. डोळे मिटून फिरवायच्या आणि मस्कची ओळखायची. असं तीस वेळा केलं. अकरा वेळा बरोबर आलं. डोळे झाकून बोट ठेवलं असतं तरी दहा आली असती.

मग तिने वाचून काढलं. काही माणसांना काही रंग दिसत नाहीत, तसंच हे. बाकीचं नाक शाबूत असतं, एखादाच वास त्याला लागत नाही. उपाय नाही.

सोमवारी सांगायचं ठरवूनच ती गेली. पण त्याच सकाळी नलिनी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या बॅचमधलं जान्हवीचं नाक बघा. हिला वाळ्याचं मूळ आणि वाळ्याचं पाणी वेगळं कळतं." तोंडाशी आलेलं वाक्य जान्हवीने गिळलं. मंगळवारी ते गिळणं सोपं गेलं.

मग तिने एक युक्ती काढली. मस्कचा नमुना आला की कल्पिताची डावी भुवई बघायची. भुवई वर गेली तर दाट, जागच्या जागी राहिली तर ठीक, नाकाला आठी पडली तर बिघडलेला. शब्द तर दुसऱ्यांकडून ऐकून पाठच झाले होते: मऊ, पावडरीसारखा, उन्हात वाळलेल्या चादरीचा. दहा महिन्यांत एकदाही कोणी हटकलं नाही. उलट दर महिन्याला कौतुक झालं, आणि दर कौतुकानंतर तिला रात्रीचं जेवण जाईनासं झालं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एक फॉर्म भरायचा होता. 'या वर्षात तुमच्यात काय बदललं?' जान्हवीने लिहिलं, की कॉलेजात मी पाच जणांसमोर बोलू शकत नव्हते, आता ग्राहकांसमोर बोलते. घाईने मत देत नाही. एकच नमुना सकाळी आणि संध्याकाळी वेगळा लागतो हे शिकले. हे सगळं खरं होतं. पुढे तिने लिहिलं, 'नाक अधिक अचूक झालं.' त्या वाक्याकडे ती बराच वेळ बघत बसली. वर्षभरात तिने सर्वात जास्त मेहनत कशावर घेतली होती? एका मुलीच्या भुवईवर. तिने वाक्य खोडलं नाही. फॉर्म दिला.

परीक्षेच्या खोलीत टेबलांमध्ये प्लायवूडचे आडोसे उभे केले होते. पहिली पट्टी वाळा. दुसरी कैरी, पण सालीची. तिसरी, चौथी सरळ गेली. पाचवी तिने नाकाशी धरली, आणि कागदाचा वास आला.

एवढाच. कागदाचा.

तिने पट्टी खाली ठेवली, स्वतःच्या मनगटाचा वास घेऊन नाक रिकामं केलं, पुन्हा धरली. कागद. दोनच शक्यता होत्या. एक तर हा मस्क होता, नाहीतर मॅडमनी मुद्दाम कोरी पट्टी ठेवली होती. तिच्या नाकासाठी दोन्ही एकच. नकळत तिची मान डावीकडे वळली. तिकडे प्लायवूड होतं.

'मऊ,' तिने लिहिलं. 'पावडरीसारखा. मस्क, फार पातळ.' सहावी आणि सातवी तिने कशी ओळखली, हे तिला नंतर आठवेना.

जेवायच्या सुट्टीत कल्पिताने डबा उघडला. कल्पिता वेसाव्याची, कोळीवाड्यातली. जे मनात तेच तोंडात.

"कोरी कितवी आली तुला?"

"कोरी?"

"अगं, एक कोरी देतातच बहुतेकांना. गेल्या वर्षी विद्याधरने तिच्यात गुलाब शोधला. मॅडमनी असा धुतला त्याला! मला तिसरी आली. प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या असतात. तुझी?"

जान्हवीच्या हातातला घास तिथेच राहिला. "पाचवी असेल. मी मस्क लिहिलं."

कल्पिताने डब्याचं झाकण लावलं. "माझ्या भुवया नव्हत्या ना समोर."

"काय?"

"नाटक नको. दिवाळीपासून माहितीये मला. सरावाच्या नमुन्याला मी एकदा मुद्दाम भुवई वर केली. तू बिनधास्त 'दाट' लिहून मोकळी. त्यात मस्कचा थेंब नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. सात-आठ महिने थांबले, यार."

"सांगितलं तर काढतील गं."

"आणि नाही सांगितलंस तर? मी उद्या दुसरीकडे गेले तर भुवया इथे ठेवून जाऊ?"

जान्हवीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

चार वाजता नलिनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पांढरा लिफाफा होता, वर तिचं नाव.

"बस. सातपैकी सात."

जान्हवी बसली. ऐकलेलं डोक्यात शिरायला वेळ लागला.

"पाच नंबर तर कमाल. तो मस्क मी इतका पातळ केला होता की मला स्वतःला दोनदा हुंगावा लागला. तुझ्या बॅचमध्ये कोणालाच असा दिला नव्हता, फक्त तुला." मॅडमनी लिफाफा पुढे सरकवला. "पुढच्या महिन्यात कपड्यांच्या कंडिशनरचं मोठं काम सुरू होतंय. सहा महिने नुसता मस्क. तुझं नाव दिलंय मी."

लिफाफा हाताच्या अंतरावर होता. उचलायला एक सेकंद पुरला असता. खाली जाऊन आईला फोन करायला दोन मिनिटं. आणि मग सहा महिने नुसता मस्क. सहा महिन्यांनंतर आणखी काही. जान्हवीने लिफाफ्याला हात लावला नाही.

"मॅडम, पाच नंबरला मला वास आला नाही."

मॅडम हसल्या. "मग लिहिलंस कसं?"

"कोरी असेल किंवा मस्क. मी मस्क लिहिलं."

"अंदाजाने?"

"अंदाजाने. मस्क मला येतच नाही. मी घरी तपासलंय. तिसातली अकरा बरोबर आली."

मॅडमचं हसू गेलं. "कधी तपासलंस?"

"ऑगस्टमध्ये."

"आता जून आहे."

"हो."

मग मॅडम सावकाश बोलू लागल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही याचीच जान्हवीला जास्त भीती वाटली. "विद्याधरला एका जातीच्या चंदनाचा वास येत नाही. त्याच्या टेबलावर तशी पाटी आहे, तू रोज बघतेस. पूर्ण नाक या इमारतीत एकाचंही नाही. पाटी लावली असतीस तर मी मस्क तुझ्याकडे पाठवलाच नसता. पण दहा महिने मी तुझी सही बघून माल पुढे पाठवलाय, जान्हवी."

त्यांनी लिफाफा उचलून खणात ठेवला. "हे आज देत नाही. उमेदवारी तीन महिने वाढवते."

"आणि तीन महिन्यांनी?"

"मला माहीत नाही. तुझ्या सहीचे, मस्क असलेले रिपोर्ट किती आहेत?"

"चौदा." मोजावे लागले नाहीत. रोज झोपण्याआधी ती ते मनात मोजत आली होती.

"प्रत्येकाचा राखून ठेवलेला नमुना काढ. कल्पिताकडून पुन्हा तपासून घे, आणि काय निघेल ते मला सांग. आजच."

व्हरांड्यात फोन वाजला. प्रेमाला दम धरवत नव्हता.

"झालंस काय गो कायम?"

"नाही आई. तीन महिने पुढे गेलं."

"नापास झालंस?"

"पास झाले. पण एक उत्तर मला येत नसताना लिहिलं होतं. ते सांगितलं."

"मगे धोंडिरामभावजींका काय सांगू?"

"झालं ते सांग."

"माका नाय जमाचा. 'काम चालू आसा' इतक्याच सांगतंय," प्रेमा म्हणाली, आणि मग हळूच, "जेवलंस काय?"

नमुन्यांच्या खोलीत कपाटातून चौदा बाटल्या निघाल्या. जान्हवीने जुने रिपोर्ट एका बाजूला उलटे ठेवले, म्हणजे कल्पिताला काय लिहिलंय ते दिसू नये. पहिली बाटली: कल्पिताने सांगितलं ते आणि रिपोर्टातलं जुळलं. दुसरी जुळली. तिसरी, चौथी, पाचवी. जुळलेली प्रत्येक बाटली जान्हवी कपाटात परत ठेवत होती.

सहाव्या बाटलीत कल्पिताने पट्टी बुडवली, हुंगली, थांबली. दुसरी पट्टी घेतली.

"यात मस्क नसल्यातच जमा आहे."

"नक्की?"

"नक्की. काय लिहिलंयस तू?"

जान्हवीने रिपोर्ट सुलटा केला. बेबी ऑइलचा सुवास, फेब्रुवारीत ग्राहकाकडे गेलेला. खाली तिची सही होती, आणि वर तिच्याच अक्षरात: 'मस्क योग्य.' त्या दिवशी कल्पिता रजेवर होती. भुवया नव्हत्या, म्हणून तिने आधीच्या नमुन्याचंच उतरवलं होतं. हे ती विसरून गेली होती.

"उरलेल्या आठ संपवू, मग एकदमच सांग," कल्पिता म्हणाली. "मॅडम अजून तासभर आहेत इथे."

एक तास. त्यात कदाचित आणखी काही सापडणार नाही, आणि मग चौदातली एक चूक लहान दिसेल. जान्हवीच्या मनात हे सगळं येऊन गेलं, नेहमीसारखं, सफाईने. तिने सहावी बाटली आणि तो एक रिपोर्ट उचलला. बाटलीचं झाकण तिने दोनदा आवळलं, आणि ती केबिनकडे निघाली.